चेसमुळे फिशरचं डोकं फिरलं का? एका कोचचं जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न असा आलाय. एका ताईंनी ‘पॉन सॅक्रिफाइस’ हा बॉबी फिशरवरचा सिनेमा बघितला. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा, तीन वर्षं चेस शिकतोय, जिल्हा पातळीवर खेळतो. सिनेमा संपल्यावर ताईंना रात्रभर झोप नाही. विचारतायत की यातलं खरं किती, चेस खेळून माणूस असा होतो का, आणि मुलाला हा सिनेमा दाखवू की नको.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. दाखवा, पण सोबत बसून दाखवा, आणि एकदोन सीन मोठ्यांचे आहेत तिथे पुढे ढकला. बाकी दोन प्रश्नांना वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

मी सव्वीस वर्षं पोरांना बुद्धिबळ शिकवतोय, मधली काही वर्षं टूर्नामेंटमध्ये आर्बिटर म्हणजे पंच म्हणूनही उभा राहिलोय, आणि हा सिनेमा तीनदा बघितलाय. एकदा एकट्याने, एकदा बायकोबरोबर (ती अर्ध्यात झोपली), एकदा क्लासच्या मोठ्या पोरांबरोबर. पोरांबरोबर बघण्यात खरी मजा, कारण ती पडद्यावरचा पट वाचत बसतात आणि हिरोकडे कुणाचं लक्षच नसतं.

२०१४ चा सिनेमा, एडवर्ड झ्विक दिग्दर्शक, टोबी मॅग्वायर फिशर झालाय आणि लीव्ह श्रायबर स्पास्की. सांगाडा खरा आहे. ब्रुकलिनमधलं वडील नसलेलं घर, बहिणीने आणलेला साधा चेस सेट, चौदाव्या वर्षी अमेरिकेचा चॅम्पियन, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर, आणि शेवटी १९७२ ला आइसलंडच्या रेक्याविकमध्ये रशियाच्या बोरिस स्पास्कीशी वर्ल्ड चॅम्पियनशिपची मॅच, हे सगळं तसंच घडलं. एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकते. मॅग्वायर अंगाने लहानखुरा, डोळे सतत भेदरलेले. खरा फिशर सहा फुटांच्या वर, रुंद खांद्यांचा, मॅचच्या आधी पोहणं टेनिस असं सगळं करून बॉक्सरसारखी तयारी करणारा. जुने फोटो बघा, तो पटावर असा वाकलेला असतो की समोरच्याला वाटावं आपली खुर्ची जरा मागे घ्यावी. हा फरक नुसता दिसण्याचा नाही ताई, कारण सिनेमा बघून असं वाटतं की हा माणूस सगळीकडेच घाबरलेला होता, आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे की पटावर तो कधीच घाबरलेला नव्हता. पटाबाहेर होता. खूप होता.

आता पहिल्या डावापासून सांगतो. ११ जुलै १९७२. डाव इतका बरोबरीत आलेला की प्रेक्षक उठायच्या तयारीत, दोघांकडे एकेक उंट आणि मूठभर प्यादी, कुणीही हात पुढे करावा आणि घरी जावं. एकोणतिसाव्या चालीला फिशरने काय करावं, तर आपल्या उंटाने एच-२ वरचं प्यादं खाल्लं (पटावरच्या प्रत्येक घराला असं अक्षर आणि आकड्याचं नाव असतं). मी दुसऱ्या बॅचच्या पोरांना जो पहिला सापळा शिकवतो तोच हा, कोपऱ्याजवळचं फुकटचं प्यादं उंटाने खायचं नाही, कारण शेजारचं प्यादं एक घर सरकलं की उंट आत कोंडला. स्पास्कीने तेच केलं, जी-३. उंट गेला, बदल्यात मिळालं काय तर दोन जास्तीची प्यादी. नंतर लोकांनी शोधून काढलं की तरीही तो डाव वाचवता आला असता, पण फिशर हरला, छप्पन्न चालींत.

का केलं असेल? अमेरिकेसाठी, रशियासाठी, वेडामुळे, वाट्टेल ती कारणं लोक देतात. मला कोच म्हणून एकच दिसतं. हा माणूस आदल्या वर्षी सोव्हिएत ग्रँडमास्टर टायमानोवला ६-० ने हरवून आलेला, मग डेन्मार्कच्या लार्सनला ६-० ने, मग माजी चॅम्पियन पेट्रोशियनला साडेसहा-अडीचने. या पातळीवर सहा डाव सलग जिंकणं म्हणजे काय हे चेसवाल्यालाच कळेल, तिथे दहातले सहा-सात डाव बरोबरीत सुटतात. अशी जिंकायची चटक लागली की बरोबरी हारण्यासारखी वाटायला लागते, आणि मग पोरगं फुकटचं प्यादं खातं. माझ्या क्लासमध्ये वर्षाला दोनतीन तरी असे उंट कोंडतात. त्यातलं कुणी वेडं नाही.

मग दुसऱ्या डावाला तो आलाच नाही. इथे सिनेमा खरा आहे आणि छान आहे. कॅमेऱ्याचा आवाज येतोय, काढा, नाहीतर खेळत नाही. शूटिंगचे हक्क चेस्टर फॉक्स नावाच्या माणसाने घेतलेले, कॅमेरे लपवून ठेवलेले, आयोजक म्हणतायत आवाज येतच नाही. घड्याळ सुरू केलं, तासभर थांबले, फिशर नाही, डाव स्पास्कीला. २-०.

यावर माझा एक अनुभव सांगतो. एका टूर्नामेंटला मी आर्बिटर, एप्रिलचा महिना, तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा तीनदा उठून आला की सर तो पंखा कटकट करतोय. आजूबाजूच्या टेबलांवर विचारलं, कुणालाच काही ऐकू येईना, एका पालकांनी तर नाटकं आहेत असं मोठ्याने म्हटलं. मी त्याच्या खुर्चीत बसलो, डोळे मिटले, आणि खरंच दर फेरीला एक बारीक टक यायचा. पंखा बंद केला. हॉलमधले सगळे घामाघूम, माझ्यावर वैतागलेले, आणि तो मुलगा डाव हरला. म्हणजे आवाज खरा होता, आणि हरायचं कारण तो आवाज नव्हता, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या. फिशरचं मला तसंच वाटतं. त्याला ऐकू येत असणार. पण तो लढत कशाशी होता ते वेगळंच काहीतरी होतं.

आता इथून पुढे जे झालं ते सिनेमात आहे, पण मला वाटतं त्याला द्यायला पाहिजे होता तेवढा वेळ दिला नाही. २-० असताना स्पास्कीला काहीही करायची गरज नव्हती. नियम त्याच्या बाजूने, समोरचा माणूस विमानाच्या गोष्टी करतोय, मॉस्कोतून स्पोर्ट्स कमिटीचा प्रमुख पावलोव्ह फोनवर सांगतोय की निषेध नोंदव आणि परत ये. बॅग भरायची आणि चॅम्पियन म्हणून घरी जायचं. स्पास्की म्हणाला मी खेळणार. आणि फिशरची अट होती की तिसरा डाव स्टेजवर नाही, मागच्या एका खोलीत, प्रेक्षकांशिवाय, ती अटही त्याने मान्य केली. टेबल टेनिस खेळायची खोली होती ती. तिथेही क्लोज सर्किटचा कॅमेरा दिसल्यावर फिशर ओरडायला लागला, स्पास्की उठून जायला निघाला, तेव्हा मुख्य आर्बिटर लोथार श्मिड याने दोघांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की आता खेळा. आर्बिटर म्हणून सांगतो, हे कुठल्याच नियमपुस्तकात बसत नाही. आणि त्याने तसं केलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं, ना मॅच, ना सिनेमा, ना तुमचा प्रश्न.

तिसऱ्या डावात फिशर काळा. अकराव्या चालीला त्याने घोडा एच-५ वर ठेवला, अगदी कडेला, जिथे पांढऱ्याचा उंट त्याला सरळ खाऊ शकतो आणि खाल्ल्यावर काळ्याच्या राजापुढची प्यादी फुटून एकामागे एक उभी राहतात. मी पोरांना शिकवतो की कडेचा घोडा अर्धाच घोडा, राजापुढची प्यादी हलवू नका. त्याने दोन्ही नियम एका चालीत मोडले आणि डाव जिंकला. या मॅचच्या आधी स्पास्कीशी पाच डाव झालेले, तीन हारलेला, दोन बरोबरीत, एकही जिंकलेला नाही. मागच्या खोलीत, कोणी बघत नसताना, आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्पास्कीला हरवलं. वेडाच्या भरात असं होत नाही ताई. असं खेळायला डोकं बर्फासारखं लागतं.

आणि आता सहावा डाव. सिनेमाचा क्लायमॅक्स हाच, २३ जुलै, आणि त्यात स्पास्की उठून टाळ्या वाजवतो तेही खरं. पण सिनेमात डाव दिसत नाही हो, चेहरे दिसतात, म्युझिक वाजतं. म्हणून मी इथे सांगतो, कारण तुमच्या मुलाला हेच दाखवायचंय.

फिशर लहानपणापासून पांढऱ्याने जवळजवळ नेहमी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकायचा, हीच सगळ्यात चांगली सुरुवात असं छातीठोकपणे सांगायचा. त्या दिवशी त्याने सी-प्यादं टाकलं आणि तिसऱ्याच चालीला डाव क्वीन्स गँबिट या सुरुवातीत गेला. म्हणजे जो माणूस हट्टी, बदलत नाही, अडून बसतो म्हणून जगात प्रसिद्ध, त्याने आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या मॅचमध्ये आपली सवय मोडली, तीही स्पास्कीच्या अंगणात जाऊन, कारण हा बचाव स्पास्कीच्या अगदी हातातला. स्पास्कीचा मदतनीस गेलर याच्याकडे यावर एक सुधारणा होती, चौदाव्या चालीला वजीर बी-७ वर, १९७३ ला त्याने स्वतः टिमनविरुद्ध ती खेळून दाखवली आणि जिंकला. स्पास्कीने मात्र तिथे ए-६ खेळलं.

तिथपर्यंत ठीक. खरी गोष्ट आहे बत्तिसाव्या चालीपासून. पांढऱ्याचं एक प्यादं ई-६ पर्यंत काळ्याच्या घशात जाऊन बसलंय, वजीर ई-५ वर पटाच्या मधोमध, दोन्ही हत्ती एफ-पट्टीवर एकामागे एक. आणि काळ्याचा वजीर काय करतोय बघा: ई-८, मग डी-८, मग ई-८, मग डी-८, परत ई-८. सलग पाच चाली, एक घर इकडे, एक घर तिकडे. वर्ल्ड चॅम्पियनचा वजीर! मी क्लासमध्ये हा डाव लावला तेव्हा मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, सर, हा येरझाऱ्या घालतोय, दवाखान्याबाहेर घालतात तशा. मी सव्वीस वर्षांत इतकं बरोबर वर्णन ऐकलं नव्हतं.

आणि त्या वेळात फिशर काय करतो? घाई नाही. एक प्यादं ए-४ वर टाकलं. हत्ती एक घर पुढे. तोच हत्ती अजून एक घर पुढे. उंट डी-३ वर आणला, वजीर ई-४ वर. समोरचा माणूस गळ्यापर्यंत पाण्यात आहे आणि हा शांतपणे कपडे वाळत घालतोय. मग अडतिसाव्या चालीला हत्तीने एफ-६ वरचा घोडा घेतला, हत्ती दिला घोड्याच्या बदल्यात, राजाभोवतीचं दार उघडलं, आणि एकेचाळिसाव्या चालीनंतर स्पास्कीने डाव सोडला. पूर्ण डावात तुम्हाला कुठेही उतावळेपणा, संशय, भीती, कुरकुर काही सापडणार नाही. सिनेमात ज्याला दिव्यात, फोनमध्ये माणसं ऐकू येतात तोच हा माणूस, आणि डाव बघाल तर वाटेल एखाद्या शांत सुताराने घरासाठी पाट केलाय.

टाळ्यांबद्दल एक अजून. हरलेल्या माणसाने प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवायच्या, तेही सोव्हिएत चॅम्पियनने, अमेरिकन माणसासाठी, १९७२ साली. तुमच्या मुलाला सिनेमातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ती स्पास्कीकडून उचलावी असं मी म्हणेन. २०२५ च्या फेब्रुवारीत गेला बिचारा, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन. आमच्या जुन्या चेसवाल्यांच्या ग्रुपवर त्या दिवशी सगळ्यांनी हाच सहावा डाव टाकला, स्वतः हरलेल्या डावासाठी आठवला जाणारा दुसरा चॅम्पियन मला माहीत नाही.

सिनेमा साधारण इथे मिटतो आणि मला त्याचं हेच पटत नाही. मॅच एकवीस डावांची झाली! सहाव्यानंतर अजून पंधरा डाव. अकराव्यात स्पास्कीने फिशरचा वजीर कोंडून त्याला अक्षरशः धुतला. तेराव्यात फिशरने एक हत्ती आणि एका उंटाविरुद्ध प्याद्यांची अशी लढाई जिंकली की ती अजून पुस्तकात शिकवतात. शेवटी साडेबारा-साडेआठ, १ सप्टेंबरला, आणि शेवटचा डाव स्पास्कीने पटावर नाही तर फोनवरून सोडला. मधे रशियन बाजूने तक्रार केली की अमेरिकन लोक खुर्चीतून किंवा दिव्यातून काहीतरी सोडतायत, स्पास्कीचं चित्त लागत नाही. खुर्च्यांचे एक्सरे काढले, दिवा उघडला, आत दोन मेलेल्या माशा निघाल्या. आता सांगा, संशयाचा आजार फक्त फिशरलाच होता का? ज्यांनी तो दिवा उघडायला लावला ते सगळे शिकलेसवरलेले, नोकरीतले, चांगले झोपणारे लोक.

म्हणून राजकारणाकडे येतो. सिनेमाचं नाव म्हणजे प्याद्याचा बळी, आपल्याकडे गँबिट म्हणतात तसं काहीतरी, पुढच्या फायद्यासाठी एक प्यादं मुद्दाम मारू द्यायचं. सिनेमाला म्हणायचंय की फिशर हे प्यादं. अर्धं खरं आहे. अमेरिकन अध्यक्षांचा सल्लागार किसिंजर याचा फोन त्याला गेला हे खरं. पण विमानात बसायला तो फोन पुरला की जिम स्लेटर या ब्रिटिश पैसेवाल्याने बक्षीस सव्वा लाख डॉलरचं अडीच लाख केलं ते, हे फिशरलाच माहीत. त्याला देशासाठी खेळायचं होतं असं सिनेमात बरंच वाटतं, मला शंका आहे. त्याला रशियन लोकांना हरवायचं होतं हे नक्की, पण त्याचं कारण साम्यवाद नव्हता, कुरासाओ होतं. १९६२ ला कॅरिबियनमधल्या त्या बेटावर कँडिडेट्स स्पर्धा (चॅम्पियनला आव्हान कोण देणार ते ठरवणारी) झाली, पेट्रोशियन, केरेस आणि गेलर या तिघांनी आपापसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले, म्हणजे एकमेकांशी खेळताना विश्रांती आणि बाकीच्यांशी खेळताना ताजेतवाने. फिशर चौथा आला, मासिकात लेख लिहून मोकळा झाला की रशियन ठरवून खेळतात. लोक म्हणाले पोरगं हरलं म्हणून रडतंय. पण फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, पुढे ती पद्धतच बदलली आणि एकास एक मॅचेस सुरू केल्या. त्याच कुरासाओत मिखाइल ताल आजारी पडून हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा फिशर त्याला भेटायला गेला होता, पॉकेट सेट घेऊन बसलेले दोघांचे फोटो आहेत. ताल पण सोव्हिएत संघाचाच.

आणि पाळत? सिनेमात लहानपणी घराबाहेर गाडी उभी असते ना, ती कल्पना नाही. त्याची आई रेजिना मॉस्कोत डॉक्टरकी शिकलेली, डाव्या विचारांची, एफबीआयची तिच्यावर शेकडो पानांची फाइल होती. म्हणजे ज्या घरात आई सांगते की बाहेर माणसं बसलीत, आणि बाहेर खरंच माणसं बसलेली असतात, त्या घरातल्या मुलाने पुढे कुठे थांबायचं, कुठली माणसं खरी कुठली नाहीत, हे त्याला कोणी शिकवायचं? गंमत म्हणजे हीच बाई १९६० ला व्हाइट हाउससमोर फलक घेऊन उभी राहिली, का तर अमेरिकेचा संघ चेस ऑलिंपियाडला पाठवा म्हणून.

पण बळी म्हणाल तर मला टायमानोव आठवतो. १९७१ ला व्हँकुव्हरला ६-० ने हरून परत गेला तर विमानतळावर त्याच्या बॅगेत सोल्झेनित्सिन या बंदी असलेल्या लेखकाचं पुस्तक सापडलं. हरण्याची शिक्षा देता येत नव्हती, पुस्तकाची देता आली. पगार बंद, परदेशी जाणं बंद. तेव्हा रशियात एक विनोद फिरला की सोल्झेनित्सिन अडचणीत आलाय, त्याच्या बॅगेत टायमानोवचं निम्झो-इंडियन या चेसच्या सुरुवातीवरचं पुस्तक सापडलं. सुदैवाने टायमानोव उत्तम पियानो वाजवायचा, जाहीर कार्यक्रम करायचा, त्यावर जगला. स्पास्कीही हरून परतल्यावर पूर्वीचा लाडका राहिला नाही, १९७६ ला फ्रान्समध्येच राहायला गेला. तेव्हा प्यादी पटाच्या दोन्ही बाजूला होती.

आता तुमचा खरा प्रश्न, चेसने वेड लागतं का. माझं उत्तर नाही. आणि हे मी धंदा चालावा म्हणून म्हणत नाहीये, क्लासच्या फीपेक्षा जास्त मी पालकांना समजावण्यात कमावलंय असं बायको म्हणते. बघा, मॅक्स ऑयवे वर्ल्ड चॅम्पियन, गणिताचा शिक्षक, नंतर फिडेचा अध्यक्ष, रेक्याविकची मॅच वाचवण्यात त्याचाही हात. बोटविनिक इंजिनियर. स्मिस्लोव ऑपेरातली गाणी गायचा. कोर्चनॉय ऐंशीपर्यंत खेळत राहिला. आपला आनंद तर तुम्ही बघताच, २००६ ला तो रेक्याविकमध्ये फिशरला भेटलाही होता. हे सगळे आयुष्यभर हाच खेळ खेळले. मॉर्फी (एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन खेळाडू, शेवटी त्याचंही डोकं बिघडलं) आणि फिशर ही दोन नावं सगळे घेतात, स्मिस्लोववर सिनेमा कोण काढणार, त्याचं काही बिघडलंच नाही.

फिशरला कुठला आजार होता हे मी सांगणार नाही, मी डॉक्टर नाही, आणि जे डॉक्टर त्याला न तपासता लांबून नाव ठेवतात त्यांचंही मला पटत नाही. मला तारखा दिसतात. १९७२ ला चॅम्पियन झाला आणि नंतर वीस वर्षं एकही अधिकृत डाव खेळला नाही. १९७५ ला आव्हान देणाऱ्या कार्पोवशी खेळायचं होतं, याने अटी घातल्या, दहा विजय मिळेपर्यंत खेळायचं, बरोबरी मोजायची नाही, आणि ९-९ झालं तर किताब माझ्याकडेच. फिडेने पहिलं मान्य केलं, शेवटचं नाही. याने किताबाचा राजीनामा दिला. आणि जी काही भयानक बडबड आहे, ज्यूंबद्दलचं विष (आई स्वतः ज्यू), अमेरिकेवरच्या २००१ च्या हल्ल्यानंतर रेडिओवर जे बोलला ते, ती बहुतेक सगळी त्या वर्षांतली, जेव्हा पुढ्यात पट नव्हता किंवा असला तरी समोर कोणी नव्हतं. १९९२ ला युगोस्लाव्हियात स्पास्कीशी परत खेळला, पन्नास लाख डॉलरसाठी, अमेरिकन सरकारच्या मनाई हुकमावर पत्रकारांसमोर थुंकला, मग कायमचा फरार. २००४ ला टोकियोला विमानतळावर पकडला, महिनोन्महिने कोठडीत. शेवटी आइसलंडने नागरिकत्व दिलं, २००८ ला तिथेच वारला, चौसष्टाव्या वर्षी, उपचार नको म्हणत. चौसष्ट घरं आणि चौसष्ट वर्षं असं जुळवून लोक लिहितात, मला त्यात काही दिसत नाही. तो जे बोलला ते माफ करायची गरज नाही, आजारी होता म्हणूनही नाही. पण ते पटामुळे झालं असं म्हणणं म्हणजे बुडणाऱ्या माणसाच्या हातात लाकडाचा ओंडका दिसला म्हणून ओंडक्याने बुडवलं म्हणण्यासारखं आहे.

मग तुमच्या मुलाचं काय बघायचं? किती तास खेळतो ते बघू नका. सोळाव्या वर्षी फिशरने शाळा सोडली, सतरा वर्षांचा असताना आई घरातून निघून गेली आणि ब्रुकलिनच्या फ्लॅटमध्ये तो एकटा, पुस्तकं आणि पट. हे बघा. डाव हरल्यावर मुलगा कुणाशी बोलतो, समोरच्या पोराबरोबर बसून हरलेला डाव परत लावतो का, त्याला एकतरी मित्र असा आहे का ज्याला घोडा कसा चालतो तेही माहीत नाही. माझ्याकडे एक मुलगा होता, रेटिंग झपाट्याने वाढलेलं, आईवडील खूश, आणि तो टूर्नामेंटला डबा एकटा जिन्यात बसून खायचा. मी सहा महिने त्याला काहीच नवीन ओपनिंग शिकवली नाही, फक्त लहान बॅचला शिकवायला उभा केला. रेटिंग शंभरने पडलं, वडिलांनी क्लास बदलला. आता इंजिनियरिंगला आहे, दिवाळीला फोन करतो, खेळतोही अजून. बरोबर केलं का ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

सिनेमा दाखवायच्या आधी एक करा, नंतर नाही, आधी. घरातला लाकडी पट काढा, मोबाइल नको, आणि सहावा डाव दोघांनी मिळून लावा. चाली कुठेही मिळतील. एकतिसाव्या चालीला थांबा, आणि त्याला काळ्याकडून खेळायला सांगा, तुम्ही पांढऱ्याच्या चाली वाचून दाखवा. वजीर कुठे हलवू म्हणून तो अडेल, येरझाऱ्या घालायला लागेल, चिडेल. चिडू द्या. मग सिनेमा लावा, आणि स्पास्की टाळ्या वाजवतो तिथे त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

आणि हो, त्याच्या टूर्नामेंटचं जे डिजिटल घड्याळ असतं ना, दर चालीला तीस सेकंद वाढवून देणारं, त्याचं पेटंट फिशरने घेतलं होतं, हेही त्याला सांगा. माझ्या पोरांना हे खरंच वाटत नाही, दरवेळी एकजण तरी घड्याळ उलटं करून त्यावर कुठे नाव आहे का बघतो.